थोरलीचा खांब

गजभियेकाका लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबायच्या आधी भिंतीला तळहात लावत आणि डोळे मिटून घेत. सिंगापुरात वुडलँड्सच्या ब्लॉकमध्ये आम्ही राहायला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हा प्रकार पाहिला. त्यांच्या हातातल्या कापडी पिशवीवर मराठी अक्षरं दिसली, म्हणून धीर करून विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का?"

"मले नाही, हिला होऊन राहिलं," त्यांनी लिफ्टची भिंत थोपटली. "वरचं बेअरिंग गेलं. तीन दिवसांत बंद पडते बघा."

पुण्याची असल्यामुळे अनोळखी माणसाच्या बोलण्यावर चटकन विश्वास ठेवायची मला सवय नाही. तिसऱ्या दिवशी दहा किलो तांदूळ घेऊन अकरा मजले चढले, तेव्हा ती लागली.

काका मूळचे नागपूरचे. तीस वर्षं इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनिअर होते. निवृत्त झाल्यावर इतर लोक ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला जातात, सायकल घेतात. काकांनी जुन्या अमेरिकन सेडान गाड्या जमवल्या. तीन. सिंगापुरात असली गाडी ठेवायची म्हणजे नियमांची जंत्री, आणि तिच्यात फेरफार करायचे तर विचारूच नका. म्हणून गाड्या कॉजवेच्या पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये, टान नावाच्या मेकॅनिक मित्राच्या शेडमध्ये, त्याच्याच नावावर. दर शनिवारी सकाळी काका डबा घेऊन बसने पलीकडे जात आणि संध्याकाळी नखांत ग्रीस घेऊन परत येत. गाड्यांच्या कंपन्यांची नावं त्यांनी मला दहा वेळा सांगितली, माझ्या डोक्यात एकही राहिलं नाही. ते स्वतः त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणत.

"तीन सुना आहेत माझ्या," विमलकाकू म्हणायच्या, "एक भाकर थापत नाही."

एकदा काकांनी मलाही शेडमध्ये नेलं. थोरली मोरपंखी रंगाची होती आणि आमच्या स्वयंपाकघरापेक्षाही लांबलचक. अमेरिकेतून आली तेव्हा तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं, काकांनी ते उजवीकडे आणलं होतं. ब्रेक नवे, एसी नवा, वायरिंग नवं. पण बाहेरून पाहिलं तर जुन्या मालकिणीनेही ओळखावी अशी. माझं लक्ष मात्र मागच्या भिंतीकडे गेलं. तिथे बिस्किटांचे पत्र्याचे डबे छतापर्यंत रचलेले होते आणि प्रत्येकावर काकांच्या अक्षरात मराठीत चिठ्ठी. मी एक वाचली: 'थोरली. डाव्या स्टिअरिंगचा दांडा. चार बोल्ट आतच आहेत. आधी खालचे दोन लावा, मग वरचे. घाई करू नका.'

"हे सगळं जपून कशाला ठेवलंय?"

"काय आहे न ताई, मी फक्त मधला माणूस. माझ्या आधी कोणाची तरी होती, माझ्यानंतर कोणाची तरी होणार. त्याला नाही आवडलं माझं काम, तर? त्याला परत जाता आलं पाहिजे न."

हा त्यांचा कायदा होता. गाडीत काहीही बदला, पण कापायचं नाही, वितळवून जोडायचं नाही. बोल्टने बसेल तेवढंच करायचं आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत कसा लावायचा ते लिहून ठेवायचं. स्टिअरिंग एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यायला त्यांना दोन वर्षं लागली होती. कापलं असतं तर दोन महिन्यांत झालं असतं, असं टान म्हणाले. मी बँकेत काम करते. मागे वळून कुणी तपासणार आहे, या भीतीने नीट काम करणारी माणसं मी रोज पाहते. जो कधी भेटणारही नाही, त्याच्यासाठी इतकं नीट काम करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. खरं सांगते, मला त्या डब्यांसमोर मोठ्याने बोलवेना.

मग काकूंचं पायाचं ऑपरेशन झालं आणि बिघडलं. डावा गुडघा वाकेनासा झाला, पाय काठीसारखा सरळ राहिला, व्हीलचेअर आली. साध्या टॅक्सीत त्यांना शिरताच येईना. दवाखान्यात न्यायला एक व्हॅन यायची. खुर्चीसकट मागे चढवायचे, पट्टे बांधायचे. काका पुढे ड्रायव्हरशेजारी.

एकदा व्हॅनमधून उतरल्यावर काकू माझ्यादेखत म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षं तुमच्या बाजूला बसली मी. आता मागे सामानासारखी जाऊन राहिली." आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. त्या शनिवारी काका पहाटेच पलीकडे गेले.

पुढचे आठ महिने त्यांनी थोरलीची पुढची सीट तीन वेळा बनवली. वळणारी, सरकणारी, बाहेर येणारी. स्वतःच्या डाव्या पायाला फळी बांधून ते दिवसभर गाडीत शिरायचे आणि बाहेर यायचे. टान कपाळावर हात मारून म्हणायचे, "अंकल, यू क्रेझी ऑरेडी लाह!" काकांच्या कपाळाला तीनदा टेंगूळ आलं. सीट झकास जमली, पण सरळ पाय घेऊन आत वळायला दरवाजा पुरेना. आड येत होता तो पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला खांब. छताला धरणारा तो. तो बोल्टचा नसतो, गाडीच्या अंगाचाच असतो. तो काढायचा म्हणजे कापायचा.

पंधरा दिवस काका लिफ्टमध्येही हात खिशात घालून उभे. शेवटी मीच विचारलं.

"पोट कापायचं आहे तिचं," ते म्हणाले. "आणि मग परतीचा रस्ता नाही."

आणि कापला त्यांनी. टानना करवत धरू दिली नाही, स्वतः कापला. जहाजांचे सांगाडे सांभाळलेला माणूस, त्याला लोखंड कुठे थकतं ते ठाऊक होतं. आधी तळाशी आणि छताला जाड पोलादाचा आधार दिला, मागच्या दाराच्या बिजागऱ्या मागे नेल्या, वर-खाली कड्या बसवल्या. आता थोरलीची डावी बाजू कपाटासारखी दोन्हीकडे उघडायची आणि खण ओढावा तशी सीट बाहेर यायची. तिकडच्या तपासणीत पास करून घ्यायला आणखी चार महिने गेले.

पहिल्या दिवशी मी होते. व्हॅनने काकूंना शेडपर्यंत आणलं. टाननी सीट बाहेर ओढली, काकूंना खुर्चीतून अलगद तिच्यावर घेतलं, सीट आत गेली, वळली, दारं मिटली. सरळ पाय मजेत पसरून काकू नवऱ्याच्या शेजारी बसल्या. "इतकी जागा लागते होय बायकोला!" त्या म्हणाल्या आणि रडायला लागल्या. काका समोर बघत गाडी चालवत राहिले. मी मागे बसले होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते.

दोन वर्षं त्यांचे शनिवार असे गेले. मग काका गेले. सकाळी चहा पिऊन झाल्यावर, खुर्चीतच.

पुण्यानुमोदनाचा विधी झाल्यावर महिन्याभरात काकूंनी टानना निरोप दिला, गाड्या विकून टाका. मधली आणि धाकटी गेल्या. थोरलीला एक गिऱ्हाईक आलं, पण त्याला ती पहिल्यासारखी करून हवी होती. डबे सगळे होते, मात्र चिठ्ठ्या मराठीत. टाननी मला फोन केला. माझ्याबरोबर काकूही हट्टाने शेडमध्ये आल्या.

मी एकेक डबा वाचून इंग्रजीत सांगत गेले. आधी खालचे दोन. घाई करू नका. वॉशर उलटा लावू नका, मी एकदा लावला होता. दुपार झाली. टान लिहून घेत होते. सगळं परत करता येण्यासारखं होतं. मला काकांचा आवाज ऐकू येत होता आणि मी मधूनमधून थांबत होते.

शेवटी लांबोडकी पेटी उघडली. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला तो खांब होता, मोरपंखी, दोन्ही टोकं घासून गुळगुळीत केलेली. चिठ्ठी लहान होती. 'विमलच्या बाजूचा खांब. मी कापला. परत लावायचा नाही.'

टान पेन धरून थांबले होते. "हाऊ टु पुट बॅक?"

"वाच न, पुढे काय लिहिलं?" काकू म्हणाल्या.

"पुढे काही नाही, काकू."

मी टानना चिठ्ठीचा अर्थ सांगितला. त्यांनी वही मिटली. "अंकल से नो, मीन्स नो लाह," ते म्हणाले आणि गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवायला बाहेर गेले.

परत आले तेव्हा काकूंनी थोरलीकडे बोट दाखवलं. टाननी दारं उघडली, सीट ओढली, त्यांना आत बसवलं आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी मागे. इंजिन सुरू झालं. शेडच्या बाहेर पडायच्या आधी काकूंनी हात उचलला, तळहात समोरच्या पत्र्यावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"चांगली चालून राहिली," त्या म्हणाल्या.