घरासकट दगड

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी हुआ थि लामच्या सुया पुसून झाल्या होत्या. दात कोरायच्या असतात तशा बारीक, आकडेवाल्या सहा सुया तिने ओळीने मांडल्या, मऊ ब्रश हातात घेतला आणि दगडावरचं सुती फडकं उचललं. शेवटचा हात फिरवायचा, एवढंच काम उरलं होतं.

ब्रश हवेतच राहिला.

काल संध्याकाळपर्यंत हा संगमरवर शिजलेल्या भातासारखा पांढरा होता. आता तो मेणबत्तीच्या बुडख्यासारखा पिवळट, ओलसर दिसत होता. त्याच्या माथ्यावरचा स्पिनेल नावाच्या रत्नाचा खडा, दोन पिरॅमिड बुडाशी चिकटवावेत तसा अष्टपैलू, सुपारीएवढा, गडद लाल, तेवढा जागच्या जागी होता. लामने वाकून वास घेतला. बाळाला न्हाऊ घातल्यावर येतो तसा वास होता. या घरात गेल्या वीस वर्षांत बाळ नव्हतं.

खिडकीबाहेर धुकं होतं. उत्तर व्हिएतनाममधल्या लुक येनचे डोंगर आतून संगमरवराचे आणि बाहेरून रानाचे. अशा धुक्यात ते जमिनीपासून सुटून वर तरंगतात. खांबांवरच्या लाकडी घराखाली बदकं जागी होत होती. लामने शेजारच्या घराच्या दिशेने हाक मारली. "थेम! ए थेम!"

समोरची खिडकी उघडली. धाकट्या बहिणीचं डोकं बाहेर आलं. "काय गं ताई? बदक पळालं?"

"काल तू माझ्या टेबलापाशी आली होतीस?"

"आले होते की. तू बदक आणायला गेली होतीस. अंडी ठेवली, आणि तुझा तो दगड बघितला. कसा रुक्ष दिसत होता! म्हटलं, पाहुणा येणार, जरा तजेला आणावा. दोन बोटं तेल लावलं." थेमने जांभई दिली. "आभार नंतर मान."

यात थेमची चूक अशी काहीच नव्हती, आणि तेच अवघड होतं. थेम गेली सव्वीस वर्षं लुक येनच्या सकाळच्या बाजारात सुटे खडे विकते. बाजारातली प्रत्येक बाई घरून निघण्यापूर्वी ताटलीतल्या खड्यांना बाळाचं तेल चोपडते. त्याने चिरा बुजतात, रंग उठतो. गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असतं. पण लाम सुटे खडे विकत नाही. ज्या संगमरवरात खडा वाढला त्या संगमरवरासकट, न कापता, न घासता, ती तो बाहेर काढते. तिच्या भाषेत तो घरातला दगड आणि बाजारातला तो बेघर. घरातल्या दगडाचं मोल जेवढं खड्यात तेवढंच त्या पांढऱ्या भिंतीत. आणि संगमरवर तेल पितो.

सात महिने ती या एका दगडावर बसली होती. आज साडेअकराला, दगडांसाठी परदेशातून येणारे वोंद्राकाका जेवायला येणार होते, आणि दीडच्या बसने हनोईला निघणार होते. गुडघे साथ देईनासे झाल्यामुळे ही त्यांची शेवटची खेप होती. तसं त्यांनी मार्चमध्येच कळवलं होतं. या लाल दगडाचा फोटो बघून त्यांनी उलट एक फोटो पाठवला होता. खाली एक ओळ: याच्या बदल्यात हा.

त्या फोटोत चांदी होती. दागिना नव्हे. दगडाच्या पोकळीतून तार होऊन बाहेर आलेली, वेलाच्या तणाव्यासारखी वळलेली चांदी, त्यांच्या देशातल्या एका बंद पडलेल्या खाणीतली. लामच्या ताय जमातीत चांदी लहानपणापासून घरात असते. आईच्या गळ्यात हाताच्या अंगठ्याएवढी जाड हसळी होती. चांदी कुठं उगवते, असं लामने सहाव्या वर्षी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "दुकानात." चोपन्नाव्या वर्षी तिला खरं उत्तर मिळणार होतं, आणि ते ती हातात धरणार होती.

थेम जिना चढून वर आली, दिव्याखाली वाकली, आणि तिचा चेहरा उतरला. "पुसून काढू का? साबण लावू?"

"तू फक्त हात मागे बांधून उभी राहा."

"एवढी काय चिडतेस? आमच्या धंद्यात तर असंच लावतात."

"तुझ्या नखांचा रंग काढायचं औषध आण. सगळी बाटली."

कोरताना पडलेली संगमरवराची भुकटी लामने डबाभर साठवलेली होती. बाटली आल्यावर तिने भुकटी त्यात कालवून दाट लेप केला आणि दगडावर बोटभर थापला. लेप वाळताना तेल वर ओढून घेतो. एका लेपाने होत नाही, चार-पाच लागतात, प्रत्येकाला चांगले काही दिवस द्यावे लागतात. तिच्याकडे पाच तास होते.

लेप वाळत ठेवून ती भिंतीतल्या कपाटापाशी गेली. कपाट लग्नातल्या कपबश्यांसाठी केलेलं. कपबश्या आता पलंगाखाली आहेत. काचेमागे बावीस दगड, प्रत्येकाखाली वोंद्राकाकांच्या हातची चिठ्ठी: गावाचं नाव, साल, कुणी साफ केला. लाम आयुष्यात दोनदा हनोईला गेली, त्यापलीकडे कुठं नाही. पण रोज सकाळी ती एक दगड काढून तळहातावर धरते, तो कोमट होईपर्यंत. चीनमधला अँटिमनी धातूचा काळा, तलवारींच्या जुडग्यासारखा. मोरोक्कोतला, वाळवंटातल्या संध्याकाळसारखा नारिंगी. भारतातल्या जळगाव नावाच्या गावचा हिरवा, पाण्यासारखा स्वच्छ, पांढऱ्या पाकळ्यांवर बसलेला. तिथं काळा पत्थर फोडला की आत हे निघतं, असं काका म्हणाले होते. जळगावात लोक पहाटे उठून हिरव्या उजेडात दात घासत असतील, रस्ते थंडगार असतील, असं तिला वाटतं. तिला दुरुस्त करायला कुणी तिथलं आलेलं नाही.

आज तिने काहीच हातात घेतलं नाही. वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात तिने मार्चपासून मोकळी ठेवलेली वीतभर जागा होती. तिथं ती थोडा वेळ बघत राहिली.

सात वाजता बाजार भरला. तळ्याकाठी लहान लहान टेबलं, त्यावर पांढऱ्या ताटल्या, ताटल्यांत लाल, जांभळे, निळे खडे, सगळे तेलाने चकाकणारे. लामचं टेबल थेमच्या शेजारी. वोंद्राकाका सव्वासातला काठी टेकत आले. ते अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, चेक, भूगर्भाचे अभ्यासक. ऐंशीच्या दशकात चार वर्षं याच डोंगरांत होते. भाषा तेव्हा शिकले, सूर अजून चुकतात. त्यांच्या हातची भवानी लाभते असा बायांचा विश्वास, त्यामुळे दर खेपेला ओढाओढ होते.

"काका, आधी इकडे! गेल्या खेपेला त्या टोकाच्या बाईकडे केलीत, माझं वर्ष फुकट गेलं," थेम म्हणाली.

"तुझ्याकडे केली होती त्याच्या आदल्या वर्षी. तेव्हा काय झालं?"

"तेव्हा स्कूटर घेतली."

"मग पेट्रोलला पुरेल एवढं घेतो." त्यांनी तांदळाएवढा एक गुलाबी खडा घेतला आणि एका साध्या जेवणाच्या मोलाची, पन्नास हजार डाँगची नोट ठेवली. थेमने ती नोट सगळ्या ताटल्यांवरून फिरवली. मग ते लामकडे वळले. "लामबाई, दगड तयार?"

"घरी बघा," लाम म्हणाली. थेम ताटलीतले खडे उगाचच मोजायला लागली.

लाम आणि काका यांच्यातला व्यवहार चौदा वर्षं एकाच पद्धतीने चालतो. दगडाला दगड, पैसा मध्ये येत नाही. दोघं आपापला दगड टेबलावर ठेवतात. एक कप चहा होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. चहा संपल्यावर ज्याला पटलं नाही त्याने आपला दगड मुकाट उचलावा. कारण विचारायचं नाही.

साडेअकराला लामने लेप खरवडून काढला. लेपाखालून दगड डागाळलेला निघाला. थोडा भात, थोडं मेण. तिने तो तसाच टेबलावर ठेवला आणि तेलाची गोष्ट दोन वाक्यांत सांगितली. पद्धतीच्या आधी बोलावं लागलं, ते प्रथमच.

काकांनी खिशातून भिंग काढलं, पाहिलं, भिंग आत ठेवलं. मग पिशवीतून एक डबी काढली, कापूस बाजूला केला आणि चांदी टेबलावर ठेवली.

ती फोटोपेक्षा लहान होती आणि काळवंडलेली. करड्या दगडाच्या भेगेतून निघून तिने एक वळण घेतलं होतं, दुसरं घेतलं होतं, आणि मग जणू विसरल्यासारखी ती थांबली होती. खाणीतल्या काळोखात, कुणी बघत नसताना, केसाएवढी केसाएवढी ती पुढे सरकली असणार. लामला वाटलं आपण त्या काळोखात बसलो आहोत, आणि आईच्या गळ्यातली हसळी भिंतीतून हळूहळू बाहेर येते आहे. चहा कधी संपला ते तिला कळलं नाही.

काकांनी चांदी उचलली, कापसात ठेवली, डबी बंद केली.

"महिनाभरात पांढरा होईल," ते म्हणाले. "पण माझ्याकडे महिना नाही."

"बरोबर आहे," लाम म्हणाली आणि बदकाच्या रश्शाखालची आच मोठी केली.

थेम जेवायला आली ती आंबवलेल्या मोहरीच्या पाल्याचा मोठा वाडगा घेऊन. प्रायश्चित्त म्हणून बरणीतला निम्मा पाला तिने काढून आणला होता. चिकट भात, बदक आणि पाला पानांत पडला. काकांनी पाला तोंडात टाकला, चावला, थांबले.

"आंबट नाही," ते म्हणाले.

"कधीच नसतो," लाम म्हणाली. "सगळ्या गल्लीचा पाला चार दिवसांत आंबतो. हिचा पंधरा दिवसांनीही शेतात उभा असल्यासारखा लागतो. नवराही त्यालाच कंटाळून ट्रकवर गेला."

"तो पगारासाठी गेला! मीठ मोजून घालते मी, पाणी उकळून घेते. माझा हातच तसा, त्याला काय करू?"

"माझी आजी कोबी आंबवायची," काका म्हणाले. "तिचाही एक वर्ष बिघडला होता. वरचा दगड बदलला तेव्हा जमला. तुझ्या बरणीत वजनाला काय आहे?"

"दगड. ताईनेच दिलेला, अकरा वर्षांपूर्वी. कोंग त्रोयच्या खाणीतला. ती म्हणाली, यात काही नाही, पांढरा धोंडा आहे, टाकून दे."

लामचा हात ताटात थांबला. टेबलाखालच्या बाटलीत ती जे पातळ आम्ल ठेवते, आणि संगमरवर विरवायला ज्याचा एक एक थेंब सोडते, तसलंच आम्ल पाल्याच्या बरणीत आपोआप तयार होतं. संगमरवर ते खातो, म्हणून पाला आंबट होत नाही. आणि आम्ल संगमरवराला खातं. अकरा वर्षं.

"थेम, तो दगड आण."

"जेवते आहे मी."

"आण म्हणते ना!"

थेम घरी जाऊन, बरणीत कोपरापर्यंत हात घालून तो घेऊन आली. दगड बुळबुळीत, हिरवट, पाल्याच्या चोथ्याने माखलेला होता; अकरा वर्षांत तो कधी घासून धुतलाच नव्हता. लामने तो नळाखाली धरला आणि अंगठा फिरवला. चोथा निघून गेला. खालचा संगमरवर लाटालाटांनी आत गेलेला, मऊ, पांढरा, कुठल्याही सुईला जमणार नाही असा विरलेला होता. त्या लाटांतून तीन लाल खडे वर उभे होते. एक तांदळाएवढा, एक तुरीच्या दाण्याएवढा, आणि एक जांभळाच्या बीएवढा, आठही पैलू शाबूत. सकाळच्या सुपारीएवढ्यापेक्षा लहान. पण एकाही कडेला माणसाचा हात लागलेला नव्हता.

थेमने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! ताई, छिन्नीने उचकू या का? दोन अंगठ्या आणि एक कुडी होईल."

"छिन्नी घेऊन जवळ आलीस तर बोटं राहायची नाहीत."

"दगड माझा आहे पण," थेम म्हणाली, आणि ते खरं होतं. दिलेली वस्तू दिलेलीच असते.

लामने हात पुसले. "काय हवंय?"

थेमने विचार केला. "तेलाची गोष्ट बाजारात काढायची नाही. कधीच."

"एक वर्ष."

"दहा."

"पाच. आणि पाल्याबद्दल मी बोलणारच."

"पाल्याबद्दल बोल," थेम म्हणाली आणि दगड टेबलावर ठेवला.

बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. काकांनी डबी पुन्हा उघडली. चांदी दगडासमोर आली. लामने चहा ओतला. तिघंही बोलली नाहीत. थेमला ते जड गेलं, पण तिने निभावलं. कप रिकामे झाले. कुणीच काही उचललं नाही.

मग काकांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला, कारण चिठ्ठीशिवाय दगड हलत नाही. गाव: कोंग त्रोय, लुक येन. पुढच्या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली. "साफ कुणी केला?"

"लिहा," लाम म्हणाली. "थेम. मोहरीचा पाला. अकरा वर्षं."

त्यांनी तसंच लिहिलं. दीडची बस दीडला सुटली.

चांदी आता वरच्या फळीवर डाव्या कोपऱ्यात आहे. थेमने ती एकदा बघितली आणि एवढ्याशा तारेत पैंजणाची एक कडीसुद्धा होणार नाही, असं सांगून गेली. तेलकट दगडावर दुपारी दुसरा लेप बसला. तो पांढरा झाल्यावर त्याचं काय करायचं, ते लामने ठरवलेलं नाही.

उद्या सोमवार. दर सोमवारी सकाळी, बाजाराला निघण्यापूर्वी, थेम पाल्याची नवी बरणी भरते. वजनाला ओढ्यातला काळा गोटा आणून ठेवलेला आहे. लामने त्यावर लिंबू पिळून बघितलं. संगमरवरावर येतो तसा फेस आला नाही.