निवृत्ती टर्नरनं कापलेली कोंबडी

निवृत्तीला दात आले तेव्हापासून तो कोंबडी खात होता. कापली मात्र एकही नव्हती. घोटीजवळच्या त्याच्या गावात ते काम मुलाण्याचं. मुलाणी यायचा, कोंबडीला पाणी पाजायचा, परसात सगळ्यांकडं पाठ करून बसायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि जाताना मुंडकं न्‌ ओंजळभर तांदूळ घेऊन जायचा. पाप लागत असलंच, तर तेही मुंडक्याबरोबर त्याच्याच पिशवीतून जात असावं. घरच्यांच्या वाट्याला नुसता रस्सा.

१९८३ साली अंबडच्या कामगार चाळीत मुलाणी नव्हता. निवृत्ती तिथं एका कारखान्यात लेथ चालवणारा टर्नर होता. चाळीमागं खुराडं करून त्यानं सहा कोंबड्या पाळल्या होत्या, आणि लेकीच्या लग्नात जावयाला, जयरामला, चार माणसांत शब्द दिला होता, "आखाडात या. बाजारातली पांढरी कोंबडी नाय खाऊ घालणार. घरची, न्‌ मी सोता कापणार." लग्नात माणूस बरंच बोलतो. जयरामनं ते ध्यानात ठेवलं आणि रविवारी अकराच्या एस.टी.नं येतो, असं कार्ड टाकलं. शब्द खोटा पडला तर लेकीला सासरी वर्षभर ऐकावं लागेल, हे मालनबाईनं नवऱ्याला आठवडाभर रोज ऐकवलं.

आठवडाभर निवृत्ती सुरीला धार लावत होता. करवतीच्या जुन्या पात्याची ती सुरी नडगीवरचे केस उडवायची.

"कोंबडीची दाढी करायचीय का?" मालनबाई म्हणाली. "आटपा आता. ती तांबडी धरा. पंधरा दिस झाले, अंडं नाय देत."

पहाटेपासून त्यानं खुराडं ते नळ अशा बऱ्याच फेऱ्या घातल्या होत्या. आठ वाजता त्यानं तांबडी धरली. काखेत घेतल्यावर ती ओरडायची थांबली, हे त्याला आवडलं नाही. तिचं काळीज त्याच्या तळव्यावर धडधडत होतं.

"जरा पाणी पाजतो."

साडेआठला त्यानं तिला पुन्हा पाणी पाजलं. मग नळावर जाऊन आला, सुरी पुसली आणि वाटी परत तिच्या चोचीपुढं धरली.

"मुलाणीबी पाजायचा," तो म्हणाला.

"एकदाच पाजायचा," मालनबाई म्हणाली. "आन्‌ नऊ वाजले."

चौथ्यांदा कोंबडीनंच तोंड फिरवलं. आता कारण उरलं नाही. निवृत्ती परसात पाठ करून बसला. पुटपुटायला काही येत नव्हतं, म्हणून "माफ कर बाई" म्हणाला. सुरी इतकी धारदार होती, की त्याचं ठरायच्या आत काम झालं. त्यानं दचकून हात सोडले. कापल्यावर कोंबडी पायाखाली दाबून धरायची असते, हे त्याला ठाऊक नव्हतं; त्यानं मुलाण्याची नेहमी पाठच पाहिली होती. तांबडी फडफडत उठली आणि जावयासाठी धुऊन वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर जाऊन पडली.

"घ्या," मालनबाई म्हणाली. "पाव्हण्याला रंगीत चादर."

मग उकळतं पाणी, पिसं, उरलेली लव जाळायला जुन्या पेपराचा जाळ, वरून हळद. पोट उघडल्यावर मालनबाई वाकली. "कलेजीजवळची ती हिरवी पिशवी जपा. पित्त फुटलं तर सगळं कडू." लेथवर केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा माणूस. तिथं त्याची बोटं बरोबर चालली. पिशवी अख्खी निघाली. तिच्यामागं, आत, कवच धरलेलं एक अंडंही निघालं. मालनबाईनं ते उचललं, पदराला पुसलं आणि फडताळात मागं ठेवून दिलं.

जयराम आला, जेवला, दोनदा रस्सा मागून घेतला.

"मामा, खरंच तुम्ही कापली?"

"मंग? शब्द दिला हुता ना."

"आमच्यात कुणाला नाय जमत. आमचे वडील तर तिकडं बघतसुदीक नाय. घरी सांगतो ना मी!"

निवृत्तीनं भातावर नुसतं मीठ घेतलं होतं. पोट बरं नाही म्हणाला. हात त्यानं पाचव्यांदा साबणानं धुतले. पण लेकीचं वर्ष निभावलं होतं. तेवढ्यावर तो खाटेवर आडवा झाला.

तेवढ्यात दारात शेजारचा कोंडाजी उभा राहिला. काखेत कोंबडा.

"निवृत्तीभाऊ, तुमच्याकडं कापणारा हाय, हे आधी का नाय बोलले? आमच्याबी जावयाचं जेवण आजच हाय."

जयराम कौतुकानं सासऱ्याकडं पाहत होता. निवृत्ती उठला, आत गेला आणि पाण्याची वाटी भरून घेऊन आला.