आधी गुठळी मोड

भूतबित मी मानत नाही. इथले अनुभव वाचून सगळ्यात जास्त खिल्ली उडवणारी मीच... त्यामुळे आता हसायची पाळी तुमची. हसा खुशाल.

माहेर दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समधलं, सासर केंदूरचं. कारेगावच्या एका छोट्या लॅबमध्ये मी केमिस्ट आहे. रक्त नको तिथं गोठू नये म्हणून शरीरात एक प्रोटीन पहारा देत असतं. त्याचाच छोटासा तुकडा - पेप्टाइड - आम्ही बनवत होतो. औषध नव्हे हं, फक्त संशोधनासाठी. हे काम मी हट्टानं मागून घेतलेलं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणायचे, पायातली रक्ताची गुठळी फुप्फुसात जाऊन गेल्या वर्षी वारल्या.

पावडर झाली सुरेख पांढरी, पण पाण्यात विरघळेल तर शपथ! अ‍ॅसिड झालं, अमोनिया झाला... बाटलीत आपले गोळेच गोळे. शेवटी सर म्हणाले, "मॅडम, आज जमलं तर जमलं. नाहीतर हे काम बंद करू." पावडर उरली होती चिमूटभर, म्हणजे प्रयत्न एकच. मी अगदी रडकुंडीला आले. माझ्यासाठी हे आत्यांचं काम होतं हो.

जेवणाच्या सुट्टीनंतर लॅबचा इंटरकॉम वाजला. तो फक्त गेटला जोडलेला आहे. माझ्या हातात ग्लोव्हज, म्हणून बिहारहून नवीनच आलेल्या राकेशनं उचलला.

"मॅडम, कोई आंटी हैं. बोल रही हैं, पहले गुठली तोड़, फिर पानी बढ़ा... आम खा रही हैं क्या?"

आंबा कसला! हिंदीत गुठली म्हणजे कोय. गुठली नाही रे बाबा - गुठळी!

लग्नानंतर मी पिठलं करायचे म्हणजे तमाशाच. बेसन थेट पाण्यात ओतायचे. मग मागून आत्यांचा आवाज, "अगं दौंडकरीणबाई, आधी गुठळी मोड, मंग पानी वाढीव! गाडी चुकतीया व्हय तुजी?"

रिसीव्हर घेतला... नुसती खरखर.

मग मी तेच केलं. इतके दिवस आम्ही पावडर आधी पाण्यात टाकत होतो आणि अमोनिया नंतर. आता कोरड्या पावडरवरच अमोनियाचे थेंब सोडले, नीट कालवलं आणि मग हळूहळू पाणी वाढवलं. एक गोळा नाही. बाटलीतून पलीकडची खिडकी दिसत होती! मी अशी किंचाळले की सर धावत आले.

"काय केलंत काय तुम्ही?"

"पिठलं!"

नंतर गेटवर जाऊन विचारलं. वॉचमनमामा म्हणाले, "न्हाई ओ ताई, म्या फोनला हात बी लावला न्हाई. आन् बाई तर कुणीच आली न्हाई."

आठवण माझ्या डोक्यात होती, मान्य. पण ती राकेशच्या कानात कशी गेली? त्याला तर पिठलं म्हणजे काय तेही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी घरी मुद्दाम बेसन थेट पाण्यात ओतलं आणि कान देऊन उभी राहिले. कुणी ओरडलं नाही. मग गुठळ्यांसकट ते पिठलं मी ताट पुसून खाल्लं आणि मोठ्यानं म्हणाले, "आत्या, जिंकलो बरं का आपण!"