कामावर भेटणारे साहेब

“इथे नको, कामावर भेटू,” असे म्हणत आमचे साहेब खुर्चीमागची छत्री उचलत. भिवंडीबाहेरच्या ग्रामीण बँकेच्या लहानशा शाखेत ते व्यवस्थापक होते आणि मी कारकून. कर्ज मागणारा बँकेत इस्त्रीचा सदरा घालून येतो आणि धंद्यालाही इस्त्री करूनच आणतो, असे त्यांचे मत होते.

यंत्रमागाच्या कारखान्यात शिरण्यापूर्वी ते बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवत. आतली धडधड विटांतून त्यांच्या हातात उतरे आणि किती माग खरेच चालू आहेत ते कळे. एकदा एक मालक लगबगीने बाहेर आला. “साहब, दीवार से क्या पूछते हो? मैं हूँ ना.”

“आप चाय पिलाओगे. दीवार नहीं पिलाती.”

तुम्हीही असे अधिकारी पाहिले असतील. मला मात्र ते एकदाच भेटले.

जवळच्या वडपे गावातल्या गोदामांच्या हमालांना तांदळाची भाकरी आणि सुकटीचे कालवण करून विकणारी एक विधवा पिठाच्या गिरणीसाठी कर्ज मागायला आली. दुसऱ्या दुपारी साहेब तिच्याकडे हमालांच्या रांगेत ताटली घेऊन उभे राहिले, मी त्यांच्यामागे. उकडीची वाफ, चुलीचा धूर, तव्यावर टम्म फुगणारी एकेक शुभ्र भाकरी. अर्धी रांग तशीच असताना माल उतरवायचा ट्रक आला आणि माणसे उपाशीच परतली. रांग अशीच खोळंबली तर पुढच्या महिन्यापासून जेवण शहरातून मागवू, असे हमालांच्या मुकादमाने तिला बजावले होते.

“गिरणी कशाला?” साहेबांनी विचारले.

“दीर बोलला, ब्यांक गिरणीलाच देते.”

“पीठ कुठे कमी पडतंय? तवे कमी पडताहेत.”

तिने तव्यावरची भाकरी उलटली. मग हळूच म्हणाली, “जमीन न्हाय माज्या नावावर. दीर बोलतो, धंदा त्याच्या नावावर केला तरच जामीन ऱ्हाईल.”

“भाकरी कोण थापतं?”

“मीच की.”

“मग कर्ज तुमच्याच नावावर. तुमच्या बचत गटातल्या बायांना घेऊन या.”

बाया आल्या, शाखेत धुराचा आणि खाडीचा वास दरवळला. त्या तिला जामीन राहिल्या. वरच्या कार्यालयाने शंका काढल्या, तेव्हा साहेब स्वतः गेले आणि मंजुरी घेऊनच परतले. महिना संपण्याआधी पत्र्याची शेड उभी राहिली, मोठ्या शेगड्या पेटल्या. मुकादमही मुकाट्याने रांगेत आला.

साहेबांची बदली झाली. निरोपाला सारे आले, ती आली नाही. मी जरा रागानेच तसे बोलले. ते हसले. “दुपारची वेळ आहे. आज ती इथे आली असती, तर मला काळजी वाटली असती.”

त्यांना सोडायला आम्ही जीपने निघालो. वडप्याला तिची शेड दिसली. हमालांच्या गर्दीत ती पाठमोरी, दोन तव्यांवर वाकलेली. चालकाने वेग कमी केला.

“नका थांबवू,” साहेब म्हणाले, “हात गुंतलेत तिचे.”

त्यांनी काच तेवढी खाली केली. भाजल्या तांदळाचा ऊन वास आत आला.