वरवंट्याखालची राई

फोन आला तवा माह्या हातात वहिनीचा वरवंटा होता. राईच्या डब्यावरून तो उचलून, खालचा ओला कागद अंगठ्यानं जरासा सरकवून मी चोरासारखा आत पाहून राह्यलो होतो. अन् नेमकी तवाच घंटी वाजली. मले वाटलं, दवाखान्यातून वहिनीनंच लावला, खाटेवरून दिसलं वाटते बाईले! घाईघाईत वरवंटा पायाच्या अंगठ्यावर पाडला, एका पायावर नाचत फोन उचलला अन् पह्यलेच बोललो, "नाई वहिनी, म्या हात नाई लावला!" तिकडून पुतणी शीतल होती. म्हणे, "काका... आई गेली."

मी पुसदचा पंक्चरवाला. शाळेत गेलतो, पण मास्तरले अन् मले दोघाईलेही ते फार दिवस झेपलं नाई. म्हणून हे मी बोलून राह्यलो अन् शीतल लिहून राह्यली. मंधातच ती डोळे पुसते, मंग मले वाटते, आपण काही चांगलं बोललो.

वहिनीचं सारं आयुष्य महागावकडच्या वावरात गेलं. कापूस, तूर, सोयाबीन, सारं तिच्या हातचं. भाऊ गेला, मंग वहिनीचे गुडघे गेले. वावर बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दुसऱ्याले कसाले दिलं अन् ती माह्या दुकानामागच्या खोलीत राह्याले आली. पह्यला महिनाभर खिडकीपाशी नुसती बसून राहे. एक दिवस म्हणे, "भाऊजी, लग्न झाल्यापासून माह्या हातचं काही उगवलं नाई, असं एक साल गेलं नाई. हे पह्यलंच." म्या माह्या टकलावरून हात फिरवला, म्हटलं, "इथं पेरा, रिकामंच पडलं हाय." ती हासली नाई. खिडकीच्या फळीकडं पाहत राह्यली. तवा मले समजलं का हे हासण्यावारी न्यायचं नव्हतं... पण माहं तोंड माह्या पह्यले धावते.

मंग शीतलनं तिले मोबाईलवर मायक्रोग्रीन दाखवले. राई, मेथी, मूग असं काही उथळ डब्यात दाट पेरायचं, दोन पानं फुटली का कैचीनं कापून कच्चंच खायचं. वहिनीनं तो व्हिडिओ चारदा पाह्यला अन् मले मिठाईचे पलाष्टिकचे डबे मांगितले. पाणी निथराले बुडाशी भोकं पाह्यजे होते. साऱ्या जिंदगीत भोकं बुजवली म्या, वहिनीसाठी पह्यल्यांदा पाडली. माती मात्र तिले वावरातलीच लागे. पोतंभर आणली, ती चाळणीनं चाळे, मंधात नाकाशी नेऊन वास घे.

बी आणाचं काम माह्याकडं. म्या इचार केला, किराण्यातली राई कायले, आपण कृषी केंद्रातलं पाकीटबंद बियाणं नेऊ, वहिनी खूश होईन. गुलाबी गुलाबी दाणे! वहिनीनं चिमूटभर तळहातावर घेतले, ओलं बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं.

"भाऊजी, हे पेराचं बी होय. याले औषध लावलं हाय. आपलं तर आठ-दहा दिवसात पोटात जाईन."

"पण रंग चांगला दिसते नं जी."

"रंग तुमच्या शर्टाचाही चांगला दिसते. तो खाऊ काय?"

साबणानं तीनदा हात धुवाले लावले मले. पण शीतलनं इचारलं तवा म्हणे, "बी जुनं निघालं, वापस केलं." माह्या येडेपणाचं नाव नाई काढलं. शीतलले हे आत्ता लिहितानी समजून राह्यलं.

वहिनी बी पसरे, वर ओला कागद टाके, कागदावर दुसरा डबा अन् त्यात पाट्यावरचा वरवंटा. म्हटलं, "जीव जाईन त्याइचा!" म्हणे, "वजन असलं का मूळ माती धरते. दोन दिवस हात नाई लावाचा." आता मले हात लावू नको म्हटलं का हाताले खाज सुटते. घटकेघटकेले उचलून पाह्यलं. कागदाले चिकटून अंकुर वर आले, अर्धा डबा उपटला. वहिनी म्हणे, "पंक्चर काढल्यावर ट्यूबची हवा सोडू सोडू पाहता काय तुमी?"

पण तिनं पुन्हा पेरलं. तिसऱ्या बारीनं असं हिरवंगार आलं का साऱ्या गल्लीच्या वरणावर चिमूट चिमूट पडली. मी म्हटलं, गवतासारखं लागते. अन् तीनदा मांगून घेतलं. आता गल्लीतल्या चार खिडक्याईत डबे हायेत, साऱ्याईले वहिनीनंच शिकवलं. गुडघे दुखणारी बाई, पण तिच्याकडं सारी गल्ली चालत ये.

त्या दिवशी सकाळी तिनं राई पेरली अन् दुपारी दम लागला. ऑटोत बसतानी म्हणे, "भाऊजी, परवा उचला. त्याच्या पह्यले नाई." म्हटलं, "तुमीच येसान नं उचलाले." तिनं माह्याकडं पाह्यलं. "परवा," म्हणे. दुसऱ्याच दिवशी तो फोन... निघता निघता वरवंटा तेवढा म्या पुन्हा जागेवर ठेवला.

परवा उजाडला तवा घर पाहुण्याईनं भरलं होतं. आम्ही राख सावडून आलो. मी आंघोळ करून खोलीत गेलो अन् वरवंटा उचलला. राई वर आली होती, पिवळी पिवळी, माना वाकवलेली. फक्त एका कोपऱ्यात, म्या कागद सरकवला होता तिथं, माह्या अंगठ्याएवढी जागा उघडी होती. काळी माती दिसत होती.

डबा उजेडात ठेवला. दहाव्याले कापला, साऱ्याईच्या पानावर चिमूट चिमूट टाकली. तिच्या हातचं हे शेवटचं. त्या साली वहिनीचं उगवल्याबिगर राह्यलं नाई.

आता दर आठवड्याले मी पेरतो. किराण्यातली राई, वावरातली माती. आज दुसरा दिवस हाय. डबा फळीवर हाय, वर वरवंटा हाय. शीतल मंघापासून हासून राह्यली का काका, तुमी बोलतानी हात पाठीमागं कायले धरून बसले.

धरू दे वं. उद्या सोडतो.