डॉक्टर हालासांचं ‘बरोबर’

व्हर्ना स्टॅडलर ही क्लीव्हलँडच्या एका मेडिकल कॉलेजातली टायपिस्ट. अलीकडे तिच्या दारावर कसलं तरी लांबलचक पद लिहिलेलं असायचं, पण विचारलं की ती टायपिस्ट एवढंच सांगायची. एकतीस वर्षं तिनं एकाच माणसाचं अक्षर लावलं, डॉक्टर इमरे हालासांचं.

ते काही खायचं काम नव्हतं. हालास पोरवयात हंगेरीहून आलेले. त्यांच्या एकाच्या आकड्याला डोक्यावर लांब तिरकी रेघ असायची. सातही अगदी तसाच, फक्त त्याच्या कमरेला एक आडवी रेघ जास्त. घाईत ती आडवी रेघ राहून जायची. मग व्हर्ना कागद नाचवत त्यांच्या खोलीत जायची. "हा एक की सात?"

"मिसेस स्टॅडलर, एवढ्या वर्षांत माझी बायकोसुद्धा मला वाचायला शिकली."

"तिला तुमचे तक्ते टाइप करावे लागत नाहीत."

संशोधनाला पैसा सरकारचा, म्हणजे लोकांचा. म्हणून छापून आलेला प्रत्येक निबंध सरकारच्या खुल्या संग्रहात ठेवायचा, कुणालाही घरबसल्या फुकट वाचता येईल असा. त्याआधी शेवटचं रूप लेखकानं तपासून ‘मान्य’चं बटण दाबायचं. हालासांना संगणकाचा मनापासून तिटकारा. त्यांनी आपला पासवर्ड व्हर्नाला देऊन टाकला आणि दोघांनी एक रीत पाडली. ती मोठ्यानं वाचायची, ते डोळे मिटून ऐकायचे. प्रत्येक तक्त्यानंतर म्हणायचे, "बरोबर." शेवटचं बरोबर आलं की ती बटण दाबायची आणि हातानं लिहिलेले कागद फाडून टाकायची. टेबल स्वच्छ असावं, एवढाच तिचा हट्ट.

शेवटचा निबंध लहान मुलांच्या यकृताच्या एका दुर्मीळ आजारावरचा होता. छापायला जाता जाता मासिकानं तक्त्यात एक ओळ वाढवायला सांगितली: रक्तातली औषधाची पातळी किती झाली की औषध निम्मं करायचं. हालासांनी आकडा लिहून दिला. शुक्रवार होता, व्हर्नाला बहिणीकडे जायचं होतं. तिनं सत्तावीस टाइप केलं, पाठवून दिलं आणि सवयीनं कागद फाडला. वाचन मागाहून करू, असं दोघांचं ठरलं. सोमवारी हालासांना झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. एकच शब्द तेवढा शिल्लक राहिला.

"सूप आणू?" बायको इलोना विचारायची. "बरोबर." "दुखतंय का?" "बरोबर." नर्स हसायच्या, किती गुणी पेशंट म्हणायच्या. इलोना मात्र खिडकीकडे तोंड करून रडायची.

इकडे निबंध ‘लेखकाची मान्यता बाकी’ म्हणून अडून बसला. दर मंगळवारी केंटकीच्या डोंगरातून ट्वायला कोम्ब्स नावाच्या बाईचा फोन यायचा. तिच्या मुलीला तोच आजार होता. मासिक गावच्या डॉक्टरच्या आवाक्याबाहेरचं, तेव्हा सगळी आशा खुल्या संग्रहावर. "मिस व्हर्ना, आलं का हो वर? आमचा डॉक्टर अंदाजानं औषध देतोय. पोरगी पिवळी पडलीय नुसती."

शेवटी व्हर्ना तक्ता घेऊन हॉस्पिटलात गेली. पलंगाशी बसून नेहमीसारखं मोठ्यानं वाचू लागली. पहिली ओळ, बरोबर. दुसरी, बरोबर. शेवटच्या ओळीवर हालासांनी डावा हात पुढे केला आणि बोट आकड्यावर रोवलं. बोट हलेना. डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं.

व्हर्नानं विचारलं, "सत्तावीस ना, डॉक्टर?"

"बरोबर."

"की एकवीस?"

"बरोबर! बरोबर!"

तिनं त्यांच्या डाव्या हातात पेन दिलं. बराच वेळ झटापट करून त्यांनी एक आकडा काढला. उभी रेघ, डोक्यावर लांब तिरकी रेघ. कमरेला काहीतरी होतं. आडवी रेघ असेल, नाहीतर हाताची थरथर. व्हर्ना कागद उजेडात धरून बघत राहिली. तो कागद तिनं फाडला नाही.

निबंधाचे दुसरे लेखक डॉक्टर लोव्हेल म्हणाले, "आकडा मी ताडून पाहिलाय."

"कशाशी ताडलात?"

"तुम्ही टाइप केलेल्या फाइलशी."

"मीच चुकले असेन तर?"

"हा आकडा हालासांनी वीस वर्षांच्या केसपेपरांवरून काढलाय. पुन्हा काढायचा तर सहा महिने जातील. मासिकात सत्तावीस छापलंय, संग्रहात तेच जायला हवं. आणि ती केंटकीची बाई रोज देवाचा धावा करतेय, हे तुम्हीच सांगितलंत ना? दाबा बटण."

"माझा हात धजत नाही."

"मग मान्यतेचं काम माझ्या नावावर करून घेतो."

त्यांनी ते करून घेतलं, नियमात बसत होतं. त्यांचंही काही चुकलं असं व्हर्नाला म्हणता येईना. तिनं संपादकांना पत्र धाडलं. उत्तर आलं, लेखकांनी शंका घेतल्यास विचार करू. आता लेखक म्हणजे एक लोव्हेल, आणि दुसऱ्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक.

नंतरच्या एका मंगळवारी फोन वाजला. ट्वायलाच्या आवाजात हसू मावत नव्हतं.

"आलं हो, मिस व्हर्ना! डॉक्टरनं छापून भिंतीला लावलंय. पोरीची पातळी निघाली पंचवीस. तो औषध निम्मं करणार होता, घाबरट मेला! मीच तक्ता दाखवला. सत्तावीसपर्यंत चालतं म्हटलं. पूर्ण डोस चालू ठेवलाय."

व्हर्नानं तिला मधेच थांबवलं. "ट्वायला, ऐक. निम्मंच करायला सांग. तो आकडा एकवीस असू शकतो."

"असू शकतो म्हणजे? कोण म्हणतं?"

"मी."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही. मी टाइप करते."

मग ट्वायला घाबऱ्या पोराची समजूत काढावी तशा आवाजात म्हणाली, "अहो, कशाला जिवाला घोर लावून घेता? सरकारच्या संग्रहात आहे ते. तुमच्या त्या मोठ्या डॉक्टरांनी बरोबर म्हटल्याशिवाय वर येईल का?"