आधी हळद, मग टेप

ओल्या वाळूवर सांडलेल्या हळदीचा वास खाऱ्या वाऱ्यात मिसळला, की मन आपोआप नमतं. मुरुडच्या किनाऱ्याला मेलेलं कासव लागलं की कोळणी त्याला देव मानून हळदकुंकू वाहतात, नारळ ठेवतात. मी, माझी कॉलेजातली मुलं आणि गावातले स्वयंसेवक अशा कासवांची नोंद ठेवतो. पण तेवढा वेळ मोजमापाची टेप हातात घेऊन बाजूला उभे राहतो. आधी हळद, मग टेप, हा आमचा अलिखित नियम. श्रद्धेपुढे शास्त्र चार क्षण थांबलं, तर त्याचं असं काय बिघडतं?

त्या सकाळी पूजा आटोपल्यावर माझी विद्यार्थिनी सानिका कासवापाशी वाकली, आणि तशीच राहिली. त्याच्या वल्ह्यासारख्या पुढच्या पायात जाळ्याचा तुकडा रुतला होता, हिरव्या दोऱ्याने दुहेरी गाठ मारून सांधलेला. ती गाठ तिच्या बाबांची होती. लहानपणापासून तीच त्यांना सुईत दोरा भरून देत आली होती!

आमच्या नोंदीत कुणाचं नाव लागत नाही, मृत्यूचं कारण मात्र लागतं. ‘कारण अज्ञात’ म्हटलं असतं तर कुणी बोट दाखवलं नसतं. अशा नोंदी साठल्या तर एक दिवस जाळ्यांवरच बंदी येईल, ही कोळीवाड्याची धास्ती. आणि ती मला खोटी म्हणवत नाही. सत्याचा महिमा आपण वर्गात किती सहज गातो! पण तेच सत्य आपल्या घरच्या ताटाशी येऊन बसलं, म्हणजे? मला त्या पोरीची फार दया आली, तरी मी गप्प राहिले. कारण काय सांगायचं, हा निर्णय तिचा होता.

“जाळ्यात अडकून,” सानिका म्हणाली.

गर्दीतून तिचे बाबा पुढे आले. त्यांनी तो तुकडा बोटांत धरून पाहिला.

“माजंच जालं हाय,” ते सगळ्यांदेखत म्हणाले. “लिव.”

सानिकाने टेपचं एक टोक कवचाच्या कडेला टेकवलं. दुसरं धरायला आमच्यातलं कुणी सरसावण्याआधीच तिचे बाबा चपला काढून गुडघ्यांवर बसले.

“ताणून धर, बाय,” ते लेकीला म्हणाले. “माप खोटं नको.”